ओहोटी नसलेले गाव

इटलीच्या किनाऱ्यावरच्या कामोलीत पोहोचल्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो भरतीच्या वेळेचा. मिलानला नोकरी करणारी माझी भाची मला जूनमध्ये सहा दिवसांसाठी या गावात घेऊन आली होती, आणि जिच्या घरातली एक खोली आम्ही भाड्याने घेतली होती ती सत्तरीची घरमालकीण आम्हाला न्हाणीघर, शेगडीची बटणे आणि दाराची अवजड किल्ली समजावून देत होती. खिडकीखाली गावाचे छोटेसे बंदर होते आणि पाणी धक्क्याच्या पायऱ्यांपैकी वरून तिसऱ्या पायरीला टेकले होते. भाचीने माझा प्रश्न इटालियनमध्ये विचारला, आजीबाईंनी तो पुन्हा एकदा विचारायला लावला, आणि मग दोन्ही हात पसरून त्या जे काही बोलल्या ते भाचीने हसत हसत मला सांगितले, "मावशी, त्या म्हणतायत, समुद्र आहे तिथेच असतो. जाणार कुठे?"

मी अलिबागची. आमच्याकडे समुद्र जातो, आणि चांगला लांब जातो. किनाऱ्यासमोरचा कुलाबा किल्ला भरतीच्या वेळी पाण्याने वेढलेला असतो आणि ओहोटीला तिथे चालत जाता येते. त्यामुळे घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला किल्ला दाखवायचा की नंतर, हे घड्याळ ठरवत नाही, तिथी ठरवते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब आमच्या किनाऱ्यावर पाढ्यांच्याही आधी शिकवला जातो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. कामोलीत उतरलो त्या दिवशी वद्य नवमी होती, म्हणजे अलिबागला भरती पावणेसातची. सवयीने मी ही वेळ मनातल्या मनात काढूनच प्रश्न विचारला होता, आणि तो प्रश्नच या गावात निरर्थक ठरला.

भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नाही, असे शाळेत वाचले होते. ते अगदी खरे नाही. ती आहे, पण बहुतेक ठिकाणी वीत-दीड वीत. मुंबईच्या बंदरात उधाणाचे पाणी साडेचार मीटरांवर चढते तेव्हा वर्तमानपत्रात इशारे छापून येतात, आणि इथे मात्र चंद्राचा सारा खटाटोप एका पायरीच्या उंचीत मावतो. कारण साधे आहे. हा समुद्र चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला आहे, महासागराला तो जोडला आहे तो जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीने, आणि ती सर्वांत अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर रुंद आहे. अटलांटिकची भरती त्या फटीतून आत शिरेपर्यंत तिचे अवसान गळालेले असते, आणि आतले पाणी स्वतःची मोठी भरती उठवण्याइतके ऐसपैस नाही. व्हेनिसच्या बाजूला आणि ट्युनिशियाच्या एका आखातात ती थोडी अधिक जाणवते. बाकी सगळीकडे समुद्र बैठ्या प्रकृतीचा.

या बैठ्या समुद्राकाठी वाढलेल्या माणसांची पुढे बाहेरच्या समुद्रांवर काय फजिती झाली, ते इतिहासात नोंदलेले आहे. अलेक्झांडरचे आरमार इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये सिंधूच्या मुखाशी आले, तेव्हा पाणी ओसरून गलबते चिखलात आडवी पडलेली पाहून ते सैनिक घाबरून गेले. आणि थोड्या वेळाने तेच पाणी परत आले तेव्हा आणखी घाबरले. इसवी सनापूर्वी ५५ मध्ये सीझर ब्रिटनच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा पौर्णिमेच्या उधाणाने त्याची जहाजे फोडली, कारण पौर्णिमेला तिकडे मोठी भरती येते हे रोमन लोकांना ठाऊकच नव्हते. जग जिंकायला निघालेल्या माणसांना आमच्या कोळीवाड्यातल्या कोणत्याही पोराने पाऊणपटीचा हिशेब सांगितला असता, असा एक विचार माझ्या मनात आला, आणि तो आजीबाईंना सांगावासा वाटला. भाचीने भाषांतर करायला साफ नकार दिला.

समुद्र जागचा हलत नाही, म्हणून गावही त्याच्या अंगावर बसू शकते. आमची घरे वाळूपासून, सुरूच्या झाडांपासून, नारळाच्या वाडीपासून मागे सरून उभी असतात. कामोलीची घरे सहा-सहा, सात-सात मजली आहेत आणि एकमेकींना खांदे लावून थेट पाण्याकडे तोंड करून उभी आहेत. पिवळी, गेरूच्या रंगाची, गुलाबी, हिरव्या झडपांची. डोंगर इतका जवळ आहे की मागच्या रस्त्यावरून घरात शिरले तर आपण एकदम वरच्या मजल्यावर असतो आणि बंदरावर जायला जिने उतरत राहावे लागते. पहिल्या सकाळी मी समोरच्या इमारतीतल्या एका उघड्या खिडकीकडे बराच वेळ पाहत होते, आणि तिथून कोणी डोकावेना तेव्हा लक्षात आले की ती खिडकी रंगवलेली आहे. तिची झडप, झडपेखालची सावली, चौकटीचे दगडी नक्षीकाम, सगळे रंगाचे. मग मी खऱ्या आणि खोट्या खिडक्या मोजू लागले. ज्या खिडकीला वाळत घातलेले कपडे ती खरी, असा एक भरवशाचा नियम हाती लागला. समुद्रावरून परतणाऱ्या माणसाला आपले घर दुरून ओळखता यावे म्हणून हे रंग दिले, असे इथे सांगतात. गावाचे नावही 'बायकांची घरे' यावरून आले असल्याची एक लोकप्रिय कथा आहे: पुरुष सगळे जहाजांवर, आणि गावात बायका. तिच्या खरेखोटेपणाबद्दल पंडितांचे एकमत नाही, परंतु कथा रचणाऱ्याने गाव नीट पाहिले होते एवढे नक्की. आज जेमतेम पाच हजार वस्ती असलेल्या या गावाकडे एकोणिसाव्या शतकात शिडाची शेकडो जहाजे होती आणि १८५३ मध्ये इथल्या जहाजमालकांनी एकमेकांच्या जहाजांचा विमा उतरवणारी स्वतःची संस्था काढली होती. पुढे वाफेची जहाजे आली आणि ते वैभव ओसरले. समुद्राला इथे ओहोटी नसली तरी गावाला ती लागलीच.

दोन दिवस सगळे फार देखणे वाटले. तिसऱ्या दिवशी काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागले, आणि काय चुकते आहे ते कळायला वेळ लागला. वास नव्हता. ओहोटीचा वास म्हणजे चिखल, शेवाळ, उघडे पडलेले खडक आणि त्यांवरची कालवे यांचा एकत्र वास. परक्या माणसाला तो दुर्गंध वाटतो आणि आम्हाला त्याने भूक लागते. आमच्याकडे पाणी ओसरले की किनाऱ्यावर दुसरे एक गाव भरते. कोणी कोयती घेऊन कालवे फोडते, कोणी वाळूत तिसऱ्या शोधते, पोरे क्रिकेटचे स्टंप रोवतात, टांगे फिरतात, आणि तासाभरात हे सगळे पुसून टाकायला समुद्र येणार आहे हे प्रत्येकाला माहीत असते. कामोलीत अशी मधली जमीनच नाही. गोट्यांचा किनारा संपतो तिथे पाणी सुरू होते, निळे, स्वच्छ आणि आपल्या समुद्रापेक्षा चवीला अधिक खारट. त्यात दिवसभर माणसे पोहतात. समुद्राने मागे काहीही ठेवलेले नाही आणि काही परत न्यायलाही तो येणार नाही. होड्या आखूड दोरीने धक्क्याला बांधलेल्या असतात. आमच्याकडे एवढी आखूड दोरी लावली तर ओहोटीला होडी लटकेल.

दोरीवरून आठवले. गावाजवळ पुन्ता क्याप्पा नावाचे टोक आहे, त्याच्या अलीकडे शतकानुशतके एक मोठे जाळे लावतात. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत ते पाण्यात एका जागी रोवलेले असते. किनाऱ्याकडेने जाणारे मासे आपण होऊन त्यात शिरतात आणि कोळी होडीतून ते हातांनी वर ओढतात. आमच्या रापणीसारखे ओढत आणायचे हे जाळे नव्हे, वाट पाहत बसणारे जाळे. धक्क्यावर त्याचा एक तुकडा मी हातात घेतला आणि बोटांनी तो डोळ्यांच्या आधी ओळखला. काथ्या! हे जाळे नारळाच्या काथ्याचे वळलेले असते आणि हंगाम संपला की ते समुद्रातच सोडून देतात, तिथे ते कुजून जाते. ज्या देशात नारळाचे झाड रुजत नाही तिथे, लिंबू-ऑलिव्हच्या डोंगराखाली, आपल्या बाजूच्या समुद्राकाठचे ते खरखरीत सुंभ पाहून मला झालेला आनंद थोडा बालिश होता. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण मी भाचीला ऐकवली. तिने ती ऐकलेली होती. सुंभ मात्र आज पहिल्यांदा पाहिला.

मग आणखी ओळखी पटत गेल्या. चण्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल कालवून तांब्याच्या परातीत भट्टीत भाजलेली फारिनाता खाल्ली. तिला भाचीने 'भट्टीतले धिरडे' असे नाव दिले. मे महिन्यात इथे माशांचा उत्सव होतो, त्यासाठी वापरलेली चार-चार मीटर व्यासाची कढई गावात भिंतीवर टांगलेली आहे, तीही पाहिली. बॉस्केत्तोच्या देवळात मात्र मी जास्त रेंगाळले. तिथल्या भिंतींवर नवस फेडण्यासाठी वाहिलेली चित्रे आहेत: काळे आकाश, तुटलेली डोलकाठी, जहाजापेक्षा उंच लाट, आणि कोपऱ्यात ढगांतून पाहणारी मेरी. इथला बैठा समुद्र नैर्ऋत्येचा वारा सुटला की उठतो; २९ ऑक्टोबर २०१८ च्या वादळात डोंगरापलीकडच्या पोर्तोफिनोचा रस्ताच त्याने तोडून नेला होता. पण त्याला वेळापत्रक नाही. आमच्या समुद्राचा राग पंचांगात सापडतो. जूनच्या पहिल्या तारखेला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून त्यांवर झापे घातले जातात, आणि नारळी पौर्णिमेला नारळ देऊन त्याची समजूत काढली जाते. इथे ऑगस्टच्या पहिल्या रविवारी हजारो मेणबत्त्या पाण्यावर सोडतात. ती रात्र मला पाहायला मिळाली नाही, आणि त्याची हळहळ अजून आहे.

निघायच्या दिवशी अमावास्या होती. सकाळी आठ वाजता भाची सामान बांधत असताना मी धक्क्यावर उतरले. अलिबागला तेव्हा साडेअकरा वाजले असतील, उधाणाचे पाणी पार वर आले असेल आणि जूनचा वारा त्याला आणखी रेटत असेल. इथे वारा पडलेला होता. पहिल्या संध्याकाळी पाणी तिसऱ्या पायरीला टेकले होते, तसे ते आताही टेकले होते. फक्त त्या पायरीवर शेवाळाची एक हिरवी रेघ होती ती मला दिसेना. मी खाली बसून हात बुडवला. रेघ होती, पाण्याखाली, चार बोटे खोल.

वरच्या खिडकीतून भाचीने हाक मारली. गाडीला वीस मिनिटे होती आणि स्टेशनपर्यंत सगळा चढ होता.