थंड बाकाचं शास्त्रीय कारण

विज्ञानाच्या पेपरात ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा प्रश्न ठरलेला. वर एक विधान, खाली कारणासाठी दोन-तीन ओळी. विधान खरंच असणार, हे मुलं धरूनच चालतात, आम्ही मास्तरही. म्हणून जानेवारीतल्या आठवीच्या घटक चाचणीत मी मुद्दाम एक विधान घुसवलं: ‘सकाळी बाकाचा लोखंडी पाय लाकडी फळीपेक्षा थंड असतो.’

निफाडची थंडी. पहिल्या तासाला मुलं स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून बसतात. त्यांना यात काय खटकणार? बहुतेकांनी पाठ केलेलं उतरवलं: लोखंड उष्णतेचे सुवाहक आहे, म्हणून ते थंड असते. एका मुलीने मात्र कारणाऐवजी मलाच विचारलं होतं, ‘मग मे महिन्यात तोच पाय जास्त गरम का लागतो?’

पेपर वाटले त्या दिवशी दोन तापमाप्या वर्गात नेल्या. एकीचा फुगा पायाला, दुसरीचा फळीला. वर कापूस आणि चिकटपट्टी. थोड्या वेळाने बघतो तर पाय ११, फळी साडेअकरा!

“सर, लोखंड थंडच आहे!” मागून टाळ्यासुद्धा पडल्या.

म्हटलं, आता तापमाप्यांची अदलाबदल करा. पुन्हा थांबलो. या वेळी पाय साडेअकरा, फळी ११. अर्ध्या अंशाचा फरक बाकात नव्हताच, तापमापीत होता. शाळांना मिळतात त्या तापमाप्या अशाच. एरवी मी त्यांच्या नावाने बोटं मोडतो.

रात्रभर एकाच खोलीत असलेल्या लोखंडाचं आणि लाकडाचं तापमान एकच होतं. आपला तळवा त्याहून बराच गरम. लोखंड लाकडाच्या कित्येक पट वेगाने उष्णता ओढून नेतं आणि हाताला कळतो तो हा वेग. मे महिन्यात खोलीतलाच पारा ४० च्या पुढे गेला, की उष्णता उलटी हातात शिरते. सुवाहक तोच, चटका तोच देतो. त्या मुलीचा प्रश्न नेमका इथे बोट ठेवणारा होता.

तरी निम्म्या वर्गाच्या चेहऱ्यावर शंका. मग कोपऱ्यावरच्या डेअरीतून बर्फ आणवला. एक खडा स्टीलच्या ताटात, तेवढाच पोळपाटावर. आधी कुठला वितळेल? जवळजवळ सगळे हात पोळपाटासाठी वर, कारण ताट ‘थंड’. ताटातल्या खड्याखाली बघता बघता पाणी साचलं. पोळपाटावरचा आपला तसाच बसून. स्टील खोलीची उष्णता भराभर बर्फात पोचवत होतं. एका पोराने ताट उचलून खाली कुणी काही गरम ठेवलंय का, तेही पाहिलं. मला ते फार आवडलं.

शिक्षकखोलीत यावरून वाद झाला. “पेपरात चुकीचं विधान देणं हा मुलांवर अन्याय आहे,” एक सहकारी म्हणाल्या. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. गुणांपुरता तो प्रश्न मी सगळ्यांना माफ केला. त्या मुलीला पूर्ण गुण दिले.

पुढच्या चाचणीत विधान होतं, ‘पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते.’ ताट उचलणाऱ्याच पोराने लिहिलं, ‘कुठे ते लिहिलेलं नाही. महाबळेश्वरला त्याआधीच उकळेल, कारण तिथे हवेचा दाब कमी.’ त्याखालचे दोन प्रश्न ‘विधान तपासून मग लिहीन’ म्हणून कोरे सोडले होते. त्यांचे गुण मात्र कापले.