तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडचं सगळ्यात भयंकर भूत

सुट्टीत स्कॉटलंडमधल्या ग्लासगोहून घरी आले की कोणीतरी विचारतंच, "तिकडच्या भुतांत सगळ्यात भयंकर कोण गं?"

बहुतेकांना केल्पी ठाऊक असते. पाठीवर बसलेल्या पोरांना घेऊन पाण्यात बुडी मारणारा घोडा. फॉल्कर्कजवळ त्या नावाची घोड्यांची दोन पोलादी डोकी उभी आहेत, ३० मीटर उंच. ऑर्क्नी बेटांवरचा नकलाव्ही त्याहून वाईट: घोडा आणि माणूस एकात, आणि अंगावर कातडीच नाही. तरी मी नाव घेते ते बेन नियेचं.

गेलिकमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत, या नावाचा अर्थ धुणारी बाई. रात्री ओढ्याच्या उतारावर ती एकटीच रक्ताळलेले कपडे धूत बसते. ज्याचे कपडे, त्याचं मरण जवळ आलेलं. हळूच मागून जाऊन तिला पकडलं, तर कपडे कोणाचे ते ती सांगते. आपलेच असतील तर? स्कॉटलंडमधल्या फर्न गावच्या मठाची आख्यायिका अशीच आहे. एका मुलीला तळ्याकाठी एक बाई कपडे बडवताना दिसली आणि शेजारी रक्ताने माखलेले तीसहून जास्त सदरे वाळत होते. थोड्याच दिवसांत, १७४२ मध्ये, रविवारची प्रार्थना चालू असताना मठाचं छप्पर कोसळलं आणि कितीतरी माणसं त्याखाली गेली.

पण मला खरी झोंबते ती बेन नियेची कुळकथा. ती बाळंतपणात मेलेली बाई. वेळेआधी मेली, म्हणून ज्या दिवशी तिला एरवी मरण आलं असतं, त्या दिवसापर्यंत तिची धुण्यातून सुटका नाही. ऐकलं तेव्हा मला आजी आठवली. आमच्याकडे अशी बाई हडळ होते म्हणायचे. ती परत येऊ नये म्हणून स्मशानाच्या वाटेवर राळे टाकायचे. दाणे वेचता वेचता उजाडतं, आणि ती घरापर्यंत पोचत नाही. आजी हे सांगताना आवाज खाली आणायची. तिची धाकटी जाऊ अशीच गेली होती.

टायरी बेटावरचे पाद्री जॉन ग्रेगरसन कॅम्पबेल यांनी एकोणिसाव्या शतकात तिकडच्या समजुती टिपून ठेवल्या. त्यांत असं आहे, की मेलेल्या बाळंतिणीचे सगळे कपडे घरच्यांनी धुऊन टाकले, तर तिला ते धुवावे लागत नाहीत. म्हणजे बाई गेल्यावर कोणीतरी तिचं गाठोडं उचलून ओढ्यावर जात असणार, आणि गार पाण्यात एकेक कपडा पिळत असणार, एकही राहू नये म्हणून.