अब्जात साडेतीन: एलएचसीवरची म्युऑनची जोडी

एलएचसी, म्हणजे प्रोटॉनची टक्कर घडवणारं ते प्रचंड यंत्र, म्हटलं की तिकडे सगळ्यांना हिग्ज कण आठवतो. इथे जिनिव्हाजवळ, सर्नमध्ये, कितीतरी जण वर्षानुवर्षं एकाच क्षयाच्या, म्हणजे एक कण फुटून दुसरे कण होण्याच्या, मागे असतात. उदाहरणार्थ, बी-एस मेसॉन हा अल्पायुषी कण फुटून नुसते दोन म्युऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद) निघणं. स्टँडर्ड मॉडेलच्या, म्हणजे मूलकणांच्या प्रस्थापित सिद्धांताच्या, हिशेबाने अब्ज बी-एसमागे हे साधारण साडेतीन वेळा घडतं. सीएमएस आणि एलएचसीबी या एलएचसीवरच्या दोन प्रयोगांनी डेटा एकत्र करून २०१५ साली त्याचा पक्का पुरावा छापला.

म्युऑन ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. एलएचसीबीत ऐंशी-ऐंशी सेंटीमीटर जाडीच्या लोखंडी भिंती आहेत. त्यांच्यापलीकडे जो पोचला तो बहुधा म्युऑन. बी-एस जेमतेम दीड पिकोसेकंद (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख-कोटीवा भाग) जगतो, पण वेग इतका की फुटण्याआधी सेंटीमीटरभर जातो. म्हणून दोन्ही म्युऑनचे मार्ग टकरीच्या जागेपासून दूर, एकाच बिंदूत मिळायला हवेत. वेगवेगळ्या दोन बी कणांचे म्युऑन योगायोगाने जवळ आले, तर बहुतेक वेळा ते इथेच गळतात.

खरा ताप तोतयांचा. बी-एसचा भाऊबंद बी-शून्य मेसॉन केऑन आणि पायॉन या दोन हलक्या कणांमध्ये फुटतो तो लाखात दोनदा, म्हणजे आपल्या क्षयाच्या पाच हजार पटींहून जास्त. हे दोन्ही कण वाटेतच क्षय पावून म्युऑन झाले, तर लोखंडही फसतं. वर त्यांना म्युऑनचं वस्तुमान लावून गणित केलं की बेरीज थोडी कमी भरते आणि ढीग नेमका बी-शून्यच्या वस्तुमानापाशी साचतो. बी-शून्यचा स्वतःचा दोन-म्युऑन क्षय बी-एसच्या क्षयापेक्षा तीसेक पटींनी दुर्मीळ. तो अजून निर्विवाद सापडलेला नाही, यात नवल नाही. दोन्ही मेसॉनच्या वस्तुमानात फरक जेमतेम ८७ एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक). एलएचसीबीची मोजणी सुमारे २२ एमईव्हीने पसरते, म्हणून दोघांची आलेखातली शिखरं वेगळी काढता येतात.

निवडीच्या अटी ठरेपर्यंत, हे क्षय जिथे दिसायला हवेत तो वस्तुमानाचा पट्टा झाकून ठेवतात. उघडा ठेवला तर चार नोंदी दिसताच अटी त्यांच्या बाजूने झुकतात, तेही नकळत.

मग छेद, म्हणजे ज्याने भागायचं ती संख्या. एकूण बी-एस किती तयार झाले हे थेट मोजता येत नाही. त्यासाठी बी-प्लस या आणखी एका मेसॉनचा जे-साय नावाचा कण आणि केऑनमधला क्षय मोजतात: जे-साय फुटून त्यातही दोन म्युऑन येतात, त्यामुळे उपकरणाच्या बऱ्याच त्रुटी भागाकारात कटतात. पण बी-प्लसच्या तुलनेत बी-एस किती बनतात, साधारण चौथा हिस्सा, हे प्रमाण वेगळं मोजावं लागतं. त्यातली अनिश्चितता थेट उत्तरात उतरते. दोन-म्युऑनच्या नोंदी कितीही वाढवा, ती कमी होत नाही.