तुम्ही विचारलंत म्हणून: त्रिनिदादमधला माझा आवडता किनारा

त्रिनिदादला यायचं ठरलं की तुमचा पहिला प्रश्न हाच असतो: तुझा आवडता बीच कुठला? मी वॉटरलू म्हणते. मग तुम्ही फोटो शोधता आणि लगेच विचारता, 'अगं, हे पाणी तर गढूळ आहे! निळं कुठंय?' एकदा नीटच सांगते.

निळं पाणी शेजारच्या टोबॅगो बेटावर आहे. पिजन पॉइंट, इंग्लिशमन्स बे, बुकू रीफ. नायलॉन पूलला तर भर समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहता येतं. त्रिनिदादमध्येच राहायचं असेल तर मराकसला जा. डोंगरातून जाणारा तो वळणावळणाचा रस्ता दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यानं बांधला. तिथं बेक अँड शार्क, म्हणजे तळलेल्या पावात शार्क मासा, खा, वर शॅडो बेनीची, कोथिंबिरीसारख्या वासाच्या पाल्याची, हिरवी चटणी मागून घ्या. आणि लाल झेंडा दिसला तर पाण्यात पाऊल घालू नका, ओढ फार वाईट आहे.

हे सगळं मलाही आवडतं. पण तुम्ही 'आवडता' विचारलंत.

वॉटरलू पश्चिमेला, पारियाच्या आखातावर आहे. दक्षिणेला व्हेनेझुएलात ओरिनोको समुद्राला मिळते, तिचा गाळ इथवर येतो, म्हणून पाणी मातकट. शिवदास साधू या ऊसमळ्यातल्या मजुरानं १९४७ मध्ये इथं काठावर देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची, म्हणून १९५२ मध्ये ते पाडलं आणि त्यालाच तुरुंगात टाकलं. सुटून आल्यावर त्यानं समुद्रातच भराव घालायला घेतला. ओहोटीला सायकलवरून दगड-सिमेंट न्यायचा, वर्षानुवर्षं. आत्ताचं देऊळ १९९५ चं. शेजारी दहनभूमी आहे, उघड्यावर चिता पेटतात.

माझे बाबा गेले तेव्हा लंडनमार्गे पोचायला दोन दिवस तरी लागले असते. दादा म्हणाला, थांबता येणार नाही. अग्नी दिलेला मी फोनवर पाहिला, तोही मधेच गोठत होता. दहाव्याच्या दिवशी शेजारच्या आजींनी मला गाडीत बसवलं आणि वॉटरलूला नेलं. प्लॅस्टिकच्या बादलीत झेंडूची फुलं, तांब्या, पणती असं सगळं त्यांनी घेतलं होतं. पोचलो तर पूर्ण ओहोटी. लांबवर नुसता चिखल, त्यावर पाय उचलत चालणारे बगळे. मी चिखलात उतरायला निघाले, त्यांनी दंड धरून मागे ओढलं. मग आम्ही कट्ट्यावर बसून राहिलो. दुसरीकडं कुणाची तरी चिता विझत आली होती, मुलगा लांब बांबूनं निखारे सारखे करत होता. आजी एक शब्द बोलल्या नाहीत. दुपार कलली तेव्हा पाणी दगडांपर्यंत आलं. मी तिलांजली दिली. फुलं लगेच वाहून गेली नाहीत, लाटेबरोबर तिथंच दगडाला लागत राहिली.

मध्यंतरी घरच्यांसारखे पाहुणे आले होते. देवळातून परतताना एकजण म्हणाले, 'एवढ्या लांब बोलावून स्मशान दाखवलंस.' ते मला फार लागलं. मी स्मशान दाखवायला नेत नाही हो.

पण नवी नवी आले तेव्हा मीही आईला फोनवर म्हणत असे, इथं समुद्रच नाही, बघायचं तर टोबॅगो. तेव्हाच्या मला आज गप्प बसवता येत नाही. ती तेव्हाची मी म्हणते, लोक मोजकी रजा काढून येतात, त्यांनी तुझा चिखल का बघावा? बाबा गेले नसते तर वॉटरलू तुला तरी आवडलं असतं का? साधूची गोष्ट मला आधीपासून माहीत होती, देऊळही पाहिलं होतं, आणि तरी मी तिथं पुन्हा गेले नव्हते, हे खरं. तरीही आवडता किनारा म्हटलं की माझ्या तोंडून दुसरं नाव येत नाही.

तुम्ही याल तेव्हा संध्याकाळी कॅरोनीच्या खारफुटीत लाल आयबिस पक्षी बघायला नेईनच, ते सगळ्यांना आवडतात. वॉटरलूला यायचं असेल तर आधी कळवा. भरतीची वेळ बघावी लागते.