पराभवांचा रकाना

१६ ऑगस्ट २०२५, शनिवार. दहीहंडीमुळे अर्धं ऑफिस गायब, रस्त्यावर डॉल्बीचा दणका, आणि क्रीडा पानावर पाव पान रिकामं. आदल्या दिवशी स्वातंत्र्यदिनाची सुट्टी झाल्यामुळे स्थानिक सामन्यांच्या बातम्याच नव्हत्या. आमच्याकडे, म्हणजे कोल्हापुरात, क्रीडा पान म्हणजे फुटबॉल आणि कुस्ती. हेवीवेट बॉक्सिंगला एरवी कोपऱ्यात दोन परिच्छेद मिळाले तरी मी खूश असतो. त्या संध्याकाळी वृत्तसंपादक स्वतःहून म्हणाले, "तुझं ते मुष्टियुद्ध घे रे आज. ऐसपैस घे."

त्या रात्री रियाधमध्ये मोझेस इटाउमा आणि ब्रिटनचाच जुना, मुरलेला डिलियन व्हाईट यांची हेवीवेट लढत होती. इटाउमा वीस वर्षांचा. जन्म स्लोव्हाकियातला, वाढला इंग्लंडात, केंटमधल्या चॅटमला. डावखुरा. २०२२ मध्ये युवा जागतिक स्पर्धेचं सुवर्ण घेतलं आणि २०२३ च्या जानेवारीत व्यावसायिक झाला. पहिली लढत २३ सेकंदांत संपवली. या लढतीआधी १२ पैकी १२ जिंकलेल्या, त्यातल्या १० नॉकआउटवर. माईक टायसन १९८६ मध्ये वीस वर्षं आणि चार महिन्यांचा असताना जगज्जेता झाला होता. तो विक्रम हा पोरगा मोडणार, असं ब्रिटिश पत्रकार बरेच दिवस लिहीत होते. मे २०२५ मध्ये ती मुदतही उलटून गेली.

मी चौकट केली. दोघांची नावं, खाली वय, उंची, लढती, विजय, नॉकआउट, पराभव. व्हाईटच्या नावापुढे ३१ विजय आणि ३ पराभव. ३१ चा आकडा ठळक अक्षरांत घेतला, पानावर दिसायला बरा दिसतो म्हणून. मथळा दिला 'इटाउमाची पहिली खरी परीक्षा'. आणि शेवटी, कुणी मागितलेलं नसताना, स्वतःचं भाकीत घातलं: व्हाईट त्याला किमान सहाव्या फेरीपर्यंत खेचेल.

पान सोडलं, घरी गेलो. मध्यरात्र उलटून गेल्यावर मोबाईलवर लढत लावली.

एक मिनिट एकोणसाठ सेकंद. म्हणजे ११९ सेकंद! उजव्या हुकनं, म्हणजे बाजूनं वळवून मारलेल्या ठोशानं, व्हाईटचे पाय हलले, मग ठोशांचा पाऊस, मग तो खाली. उठला, पण पाय जमिनीवर टिकेनात. पंचांनी हात वर केला. मी पाणी प्यायला उठलो असतो तर लढत बघायची राहिली असती. तेव्हा छापखान्यात माझं भाकीत छापून, घडी होऊन, गाडीत चढत असणार.

रविवारी दुपारी ऑफिसात पाऊल ठेवलं तर डेस्कवर अंक उघडाच होता. कुणीतरी 'सहाव्या फेरीपर्यंत' याखाली लाल पेनानं रेघ मारून ठेवली होती. कुणी ते अजून कळलेलं नाही. संशय दोघांवर आहे.

वृत्तसंपादकांनी फार टोचलं नाही. म्हणाले, "आता पुढचा कोण ते लिही. पाच-सहा नावं घे, तुलना कर. आणि भाकीत नको."

मी यादी काढायला बसलो. तेवढ्यात आबा आले. आबा म्हणजे आमचे कुस्तीचे जुने वार्ताहर. अजून बातमी हातानं लिहून आणतात. गावच्या यात्रेत कितीतरी वर्षं कुस्त्या जोडायला बसायचे. कुठल्या पठ्ठ्याची कुणाशी लावायची, इनाम किती, हे पंचांनी ठरवायचं. वजनकाट्याची गरज नसायची, दंडावर आणि मानेवर हात फिरवला की कळायचं. जोड चुकली आणि कुस्ती हलगीचा ताल धरायच्या आत निकाली झाली, तर लोक पहिलवानाला नाही, पंचांना शिव्या घालतात.

माझी कालची चौकट त्यांनी चष्मा वर करून वाचली.

"ह्यो तीन वेळा हरलाय म्हणतोस. कसा हरला?"

२०१५ मध्ये अँथनी जोशुआनं सातव्या फेरीत पाडला. २०२० मध्ये रशियाच्या पोव्हेत्किननं पाचव्या फेरीत डाव्या अपरकटनं, म्हणजे खालून वर मारलेल्या ठोशानं झोपवला, तेही आधीच्या फेरीत व्हाईटनंच त्याला दोनदा खाली बसवलं असताना. २०२२ मध्ये वेम्बलीत टायसन फ्युरीनं सहाव्या फेरीत.

"म्हणजे तिन्ही वेळा चितपट. गुणावर एकदा बी न्हाई. आणि गेल्या दोन वर्सांत माती किती वेळा अंगाला लावली?"

मी बघितलं. २०२४ मध्ये दोन लढती, दोन्ही वेळा समोरच्यानं दोन फेऱ्यांमधल्या विश्रांतीत स्टूलवरूनच माघार घेतलेली. वय ३७.

"मग लेका, एकतीसला काय चाटायचंय?"

हे सगळं मला माहीत होतं. पोव्हेत्किनचा तो अपरकट मी वीस वेळा तरी पाहिला असेल. पण तक्त्यात 'कसा हरला' असा रकानाच नव्हता, म्हणून लिहिताना ते डोक्यात आलं नाही.

मग आम्ही एकेक नाव घेतलं. डेरेक चिसोरा: ४१ वर्षांचा, ४९ लढती, त्यातल्या १३ हरलेला, पण वर्षभरात जॉयस आणि वॉलिन या दोघांना हरवलेला. आबांना तो आवडला, तरी म्हणाले म्हाताऱ्याला पाडून पोरगं काय शिकणार? फिलिप हर्गोविच: रिओ ऑलिंपिकचं कांस्य, आणि आदल्या रात्री त्याच कार्यक्रमात डेव्हिड ॲडेलेला गुणांवर हरवलेला. दणकट, सरळ पुढे येणारा. यावर आबा गप्प राहिले, म्हणजे चालेल. जोसेफ पार्कर जगज्जेत्या उसिकशी लढायची वाट बघत होता, तो कशाला खाली उतरेल? उसिक तर जगज्जेतेपदाचे चारही पट्टे घेऊन बसलेला. त्याचं नाव यादीत घालणं म्हणजे तालमीत वर्षभर काढलेल्या पोराला थेट हिंदकेसरीसमोर उभं करणं.

आगित काबायेलवर मात्र आम्ही बराच वेळ अडकलो. जर्मनीचा, कुर्दी वंशाचा. मखमूदोव्ह, सांचेझ, झांग, तिघांनाही त्यानं पोटावर मारून संपवलं. मी आबांना झांगच्या लढतीतली सहावी फेरी दाखवली. डोक्याला हातही न लावता एवढा मोठा माणूस गुडघ्यावर आलेला बघून ते पुढे सरकून बसले.

"हितं पोरगं कळंल," आबा म्हणाले. "त्येच्या पोटावर अजून कुणी बसलंच न्हाई. पण आत्ता लावू नगा. त्येला आधी असा गडी द्या, जो पडत न्हाई. दम किती हाय ते आधी बघा."

तेराव्या लढतीनंतरही इटाउमाच्या फक्त दोन लढती पूर्ण फेऱ्यांपर्यंत गेल्या होत्या. दमाचा रकाना जवळजवळ कोराच.

चौकट सहा नावांची होती, जागा पाच नावांची मिळाली. सहावा होता अमेरिकेचा जर्मेन फ्रँकलिन. व्हाईटकडून हरलेला, जोशुआकडून हरलेला, कोल्हापुरात त्याला कोण ओळखतंय? मी तीच ओळ कापली आणि पान सोडलं.

काही महिन्यांनी इटाउमाचा पुढचा प्रतिस्पर्धी जाहीर झाला. फ्रँकलिन. मी आबांना फोन केला, कापलेल्या ओळीचंही सांगून टाकलं. इनामबिनाम, देशबिश त्यांनी काही विचारलं नाही.

"पडतो का?"

"नाही आबा. जोशुआबरोबर बारा फेऱ्या उभा राहिला. आणि ह्याच व्हाईटबरोबरही बारा, २०२२ मध्ये."

पलीकडे थोडा वेळ टीव्हीचाच आवाज येत होता.

"तू कापलास त्योच न्हवं ह्यो?"