चेक लागर, म्युनिकचं पाणी: कामाची नोंद

यावेळी म्युनिकमध्ये घरी १२ अंश प्लेटोची (म्हणजे आंबवण्याआधीच्या रसात शेकडा बारा भाग साखर वगैरे विरघळलेले पदार्थ) चेक पद्धतीची फिकट लागर, म्हणजे थंडीत आंबवून मुरवायची बिअर, लावली आहे. २० लिटर, साडेचार किलो बोहेमियन पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), हॉप्स (कडूपणा देणारी फुलं) फक्त झाटेत्स या चेक गावचे, यीस्ट डब्ल्यू-३४/७०. जर्मनीत २०२४ पासून घरच्यासाठी वर्षाला ५०० लिटरपर्यंत बिअर करमुक्त बनवता येते, त्यामुळे मोकळेपणाने प्रयोग करता येतात. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हे करता येत नाही, हे तिकडच्या मित्रांनी ध्यानात ठेवावं.

सगळ्यात जास्त वेळ पाण्यावर गेला. म्युनिकचं पाणी जड, म्हणजे क्षार जास्त. डुंकेल या काळपट बिअरला ते मानवतं, कारण गडद माल्टचा आंबटपणा त्या क्षारांना पुरून उरतो. फिकट माल्टमध्ये ती ताकद नसते, मग हॉप्सचा कडूपणा जिभेवर खरखरीत राहतो. पिल्झेन या चेक शहराचं पाणी अगदी मऊ. १८४२ मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरने तिथे पहिली सोनेरी लागर काढली, त्यात या पाण्याचा वाटा मोठा आहे. म्हणून आदल्या रात्री पाण्यात खाद्य प्रतीचा चुना कालवला, पानाला लावतात तोच. पाण्यातलं बायकार्बोनेट त्याच्याशी मिळून पांढरा साका होऊन तळाशी बसतं. सकाळी वरचं नितळ पाणी नळीने अलगद काढून घेतलं.

मग डिकॉक्शन. मॅश (माल्ट आणि गरम पाण्याचं मिश्रण) ६३ अंशांवर असताना तळचा घट्ट तिसरा हिस्सा वेगळ्या पातेल्यात काढून पंधरा मिनिटं उकळला. ढवळणारा हात थांबला की खाली लागतं. हळूहळू रंग गहिरा होतो आणि घरभर खरपूस भाजलेल्या कणकेचा वास सुटतो. तो परत ओतला की सगळा मॅश ७२ वर. दहा अंशांवर आंबवून शेवटी तापमान १६ वर नेलं, त्याने डायअ‍ॅसिटिल या आंबताना तयार होणाऱ्या पदार्थाचा लोण्यासारखा वास उतरला. प्लेटो तीनवर थांबला, म्हणजे अल्कोहोल पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. आता एक अंशावर लागरिंग, म्हणजे थंडीत मुरवणं, सुरू आहे.

एवढा खटाटोप पाच टक्क्यांच्याही आतल्या बिअरसाठी कशाला, असं पुण्याचे मित्र विचारतात. माझ्या मते उत्तर किमतीत आहे. आपल्याकडे करामुळे बाटली महाग, म्हणून ६५० मिलीची स्ट्राँग घेऊन पैसे वसूल करायची सवय. नॉर्वेत कर जबर, दुकानात ४.७ टक्क्यांपर्यंतचीच बिअर मिळते, तीही सोमवार ते शुक्रवार रात्री आठपर्यंत आणि शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत, त्यावरची फक्त व्हीनमोनोपोलेट या सरकारी दुकानांत. मग लोक घरीच पिऊन बाहेर पडतात. जर्मनीत अर्ध्या लिटरवर बिअरचा कर जेमतेम पाच सेंट, म्हणून पैसे वसूल करायला स्ट्राँग लागत नाही. इथली किमतीची काळजी जुनी आहे: १५१६ चा बव्हेरियाचा प्रसिद्ध कायदा जव, हॉप्स, पाणी यांसाठी लक्षात राहिला, पण त्यात आधी दरच बांधून दिला आहे. एक मास (साधारण लिटरभर) बिअर हिवाळ्यात फार तर एक फेनिग (तेव्हाचं नाणं), उन्हाळ्यात दोन.

चेक पबमध्ये टेबलावर कागदाची चिठ्ठी असते, दर ग्लासला तिच्यावर एक रेघ. ग्लासवर चकती ठेवून नको म्हटलं नाही, तर पुढचा येतोच. अशा बैठकीसाठीची बिअर दुसऱ्या, तिसऱ्या ग्लासलाही तितकीच हवीशी वाटली पाहिजे: कडूपणा ठसठशीत पण घोटाबरोबर विरणारा, वायू कमी, फेस ओला आणि दाट. मी कार्बन डायऑक्साइड लिटरला पाच ग्रॅमच्या आतच ठेवणार आहे.

पुढच्या खेपेला दुहेरी डिकॉक्शन करायचंय. कुणी केलं असेल तर पहिला हिस्सा किती अंशांवर काढलात आणि किती वेळ उकळलात, ते जरूर कळवा.