खोडलेला पस्तीस

२० मार्च २०२५, गुरुवार. आदल्या दिवशी रंगपंचमी झालेली, त्यामुळं निम्म्या पोरांच्या नखांत गुलाबी रंग तसाच होता. बार्शी तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान आणि भूगोल मीच शिकवतो. या दिवसाची मी जानेवारीपासून वाट बघत होतो. विषुवदिनी सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी उभ्या काठीची सर्वांत आखूड सावली मोजायची, काठी आणि सावलीचा काटकोन त्रिकोण कागदावर काढायचा आणि वरच्या टोकाचा कोन कोनमापकानं मोजायचा. तो कोन म्हणजे आपल्या गावाचा अक्षांश. याला ना प्रयोगशाळा लागते ना अनुदान.

तयारीला मात्र चार दिवस गेले. तीन गट, तीन लोखंडी गज, तेलाच्या रिकाम्या डब्यांत ओली वाळू आणि खडी ठोकून उभे केलेले. एका मुलाचे वडील गवंडी आहेत, त्यांचा ओळंबा आणून गज दोन बाजूंनी तपासला. ध्वजस्तंभाचा ओटा सपाट आहे का, हे ताटलीत पाणी ओतून बघितलं. गजाचं टोक ओट्यापासून बरोबर १०० सेंटिमीटर उंच ठेवलं. खरी अडचण सावलीच्या टोकाची निघाली. सूर्य हा ठिपका नाही, थाळी आहे. त्यामुळं मीटरभर उंचीच्या काठीच्या सावलीचं टोक जवळजवळ एक सेंटिमीटर धूसर पडतं. खूण नेमकी कुठं करायची, यावर पोरांचं पंधरा मिनिटं भांडण झालं. शेवटी धूसर पट्ट्याच्या मध्यावर करायची असं त्यांनीच ठरवलं. वर्षभरात माझ्या वर्गात झालेली ही सर्वांत चांगली चर्चा. मी त्यात एक शब्दही बोललो नव्हतो.

साडेअकरा ते एक, दर दहा मिनिटांनी नोंद. नेमके त्याच दिवशी शाळेत पाहुणे आले. वरून कुणी आलं की आमच्याकडं शिकवणं थांबतं आणि फोटो सुरू होतात. मुलं काय करतायत यापेक्षा ती फोटोत करताना दिसतायत का, याला महत्त्व. मी ऑफिसात चहा आणि रजिस्टरं सांभाळत राहिलो. पोरं उन्हात एकटी होती.

सव्वाला तक्ते माझ्या हातात आले, पाहुणे शेजारी उभे. पहिल्या गटाचा तक्ता देखणा. साडेअकराला ४५, मग ४२, ३९, बाराला ३७, आणि पुढं उलट क्रमानं ३९, ४२, ४५. बरोबर बारा वाजता सर्वांत आखूड सावली. मी ‘छान’ लिहिलं, पाहुण्यांनी त्याचा फोटो घेतला. तिसऱ्या गटाचा तक्ता सातवीतल्या एका मुलीनं लिहिलेला. त्याच्या कोपऱ्यात गुलाबी बोट उमटलेलं. बाराला ३६.७ आणि त्यानंतरही सावली घटतच गेलेली. मी लाल पेनानं लिहिलं, ‘मध्यान्ह बारा वाजता. पुन्हा मोजा.’

तिनं तक्त्याकडं बघितलं, मग वर बघितलं. म्हणाली, “सर, परत कसं मोजू? सूर्य गेला की पुढं.”

मी ऐकलं, आणि पाहुण्यांना सोडायला फाटकापर्यंत गेलो.

रात्री घरी तक्ते काढले. तिच्या नोंदी अशा: १२.१० ला ३४.९, १२.२० ला ३३.६, १२.३० ला ३३, १२.४० ला ३३, १२.५० ला ३३.७, एकला ३५. समासात बारीक अक्षरात, ‘वारा आला, गज हलला, ओळंबा लावून परत घेतलं.’ साडेबाराला खिचडीची घंटा झाली तेव्हा हा गट पाळीपाळीनं जेवला होता. मी आकड्यांच्या जोड्या लावल्या. १२.१० आणि एक सारखे, १२.२० आणि १२.५० सारखे. प्रत्येक जोडीचा मध्य १२ वाजून ३५ मिनिटं. बारा वर्षांच्या मुलीला असे आकडे मनानं लिहिता येत नाहीत. ते मोजावेच लागतात.

आठवीच्या भूगोलात ‘स्थानिक वेळ व प्रमाण वेळ’ हा पहिलाच पाठ. मी तो दरवर्षी शिकवतो, गणितं घालतो. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२°३०' रेखावृत्तावरची, बार्शी ७५°४२' च्या आसपास, अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला मध्यान्ह सत्तावीस मिनिटं उशिरा. हे मला पाठ आहे. आणि माझ्याच ओट्यावर ते घडलं तेव्हा मी त्यावर लाल पेन चालवलं.

मग पहिल्या गटाचा तक्ता दिव्याखाली तिरपा धरला. १२.१० समोरच्या ३९ खाली खोडरबरानं घासलेला ३५ दिसत होता. १२.२० खाली ३३ च्या पुढं काहीतरी. पोरांनी बरोबर मोजलं होतं. मोजून, लिहून, मग पुसलं होतं. वर कोनही काढून ठेवला होता, वीस अंश! आमचा अक्षांश सव्वाअठरा. दोन अंशांचा फरक म्हणजे गाव उचलून छत्रपती संभाजीनगरच्याही पलीकडं नेऊन ठेवायचं.

मला झोप लागली नाही. त्यांनी पुसलं ते माझ्यासाठी. ‘मध्यान्ही, म्हणजे दुपारी बारा वाजता’ हे वाक्य जुलैमध्ये मीच फळ्यावर लिहिलं होतं. इतक्या वर्षांत असे किती घासलेले आकडे मी ‘छान’ म्हणून परत दिले असतील, हे मोजायला माझ्याकडं काही नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून सांगितलं, चूक माझी होती, आणि तिचा तक्ता फळ्यावर उतरवला. काटकोन त्रिकोण काढला, १० सेंटिमीटर आणि ३.३ सेंटिमीटर. कोन अठरा अंशांच्या जरा पुढं. वर्ग एकदम गप्प झाला, मग ओरडला. पहिल्या गटातल्या मुलाला मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन विचारलं, का पुसलंस? तो बराच वेळ चपलेनं माती उकरत राहिला. “सर, बारा वाजून गेले तरी सावली बारकीच व्हायली होती. पुस्तकात तसं न्हाई. वाटलं आमचंच चुकलं.”

त्याला मी काहीच बोललो नाही. बोलायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं.

आणि त्या मुलीनं शाळा सुटताना गाठलं. “रेखांशाची सत्तावीस मिनिटं झाली. आपल्याला पस्तीस आली. आठ कुठं गेली?”

मला येत नव्हतं, तसं तिला सांगितलं. आठवडाभर वाचलं तेव्हा कळलं: पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, म्हणून सूर्य घड्याळाच्या कधी मागं पडतो, कधी पुढं जातो. मार्चच्या विषुवदिनी साडेसात मिनिटं मागं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटं पुढं.

म्हणून ३ नोव्हेंबरला गज पुन्हा उभे केले. फळ्यावर आधीच अंदाज लिहिला, १२ वाजून ११ मिनिटं. खोडरबर सगळ्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवायचे, चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि आकडा वाचता आला पाहिजे, एवढाच नियम केला. सर्वांत आखूड सावली १२.१० ला आली, साडेपासष्ट सेंटिमीटर. चुकलेला तक्ता त्याच मुलाचा होता. १२.२० समोर ६८, शेजारच्या दोन्ही गटांपेक्षा दोन सेंटिमीटरनं जास्त. आकडा तसाच ठेवला होता, आणि पुढं लिहिलं होतं, ‘का ते कळलं न्हाई. परत मोजेपर्यंत वेळ गेली.’